सुमनबाईने पाहिलेलं पुणं

रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशाने पुन्हा विचारलं, "आजी, ती भाजीवाली आजी हल्ली का दिसत नाही?" मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर सांगण्यासारखं ते नाही. आणि अर्धवट सांगणं मला जमत नाही, हे तुमच्या आईला विचारा.

आधी एक दुरुस्ती. ती भाजीवाली नव्हे. भाजी पिकवणाऱ्या घरातली. साखरखेर्ड्याला त्यांचा मळा आहे. वांगी, गवार, कारली, मिरची. नाव सुमनबाई. उंच, हाडापेराने मोठी, चालताना किंचित पुढे झुकलेली. तिची धाकटी मुलगी पल्लवी अकरावीला बुलढाण्याला आली आणि आमच्या मागच्या खोलीत राहिली. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी सुमनबाई एसटीने येई, पिशवी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवी आणि म्हणे, "सहज आली, जी."

ती कधीही सहज येत नसे. पण मनातली गोष्ट सरळ विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. पहिल्याच महिन्यात तिने मला विचारलं, "मॅडम, औंदा लाईटबिल लय येत असन नाही तुमाले?" मी बिलाची फाईल काढायला उठले. (मी फायली ठेवते, हे तुम्हाला माहीत आहे.) ती घाईने म्हणाली, "नाही नाही, ऱ्हाऊ द्या." मग माझ्या लक्षात आलं. पल्लवी रात्री अभ्यासाला दिवा लावते की झोपून जाते, एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, "बऱ्यापैकी येतं." त्यावर ती पिशवीतली वांगी पुन्हा एकदा निवडू लागली. चेहरा मात्र उजळला होता.

दुसरी गोष्ट तिच्या बोलण्याची. जे आवडे त्याला ती नावं ठेवी. पल्लवी वक्तृत्वात पहिली आली तेव्हा ही म्हणाली, "बोलाले काय लागते? तोंड तं देवाने सगळ्याइले देल्लं." आणि तिथून निघाली ती थेट स्टँडवर, पेढे घेतले आणि साखरखेर्ड्याच्या गाडीत बसलेल्या ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना वाटले. कंडक्टरने मला नंतर सांगितलं. उलट, तिचं बोलणं गोड झालं की समजावं, काहीतरी बिनसलं आहे. एकदा घरी भांडून आली होती, तेव्हा तिने मला "मॅडम, तुमच्यासारखी चाय कोनालेच जमत नाही" असं म्हटलं. एरवी ती माझ्या चहाला "गरम पानी" म्हणत असे.

आता जड भाग.

पल्लवी पुण्याला एम.एस्सी.ला गेली, तिथेच संशोधनाला लागली. त्याच सुमारास सुमनबाईच्या घरात एक प्रकार झाला. तिची पुतणी अश्विनी. मोठ्या दिरांची मुलगी. तिने जातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं आणि नाशिकला निघून गेली. मोठ्या दिरांनी जिवंत मुलीचा फोटो लावून गावात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला आणि तिचं तेरावं घातलं. गाव जेवून गेलं. तुम्हाला हे खोटं वाटेल. खोटं नाही.

सुमनबाईने हे मला गवार मोडता मोडता सांगितलं. शेंगेचे दोन्ही शेंडे खुडायचे, दोरा ओढायचा, पुढची शेंग घ्यायची. हात एकदाही थांबला नाही.

"पुऱ्या मीच लाटल्या," ती म्हणाली. "शंभरेक मानूस व्हतं. जिजी, अश्विनीची माय, आत रडून राह्यली व्हती, तिले कोन सांगन लाटाले? मंग मीच बसली."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"माह्या घरात मले कोन इचारते, मॅडम?"

ही अश्विनीची गोष्ट झाल्यानंतर पल्लवीचं घरी येणं कमी झालं. दिवाळीला काम निघालं. संक्रांतीला परीक्षा निघाली. इकडे मोठ्या दिरांनी तिच्यासाठी जालन्याकडचं एक स्थळ जवळपास ठरवलं. पाहुणे मुलगी बघायला येणार होते. एका बाजाराच्या दिवशी सुमनबाई आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, पुनं कसं असते जी? म्हन्तात लय पाहन्यासारखं हाय."

घरी तिने सांगितलं होतं, मॅडमना पुण्याला जायचंय, या वयात त्यांना सोबत पाहिजे. मी तेव्हा ठणठणीत होते. पण मी काही बोलले नाही. शनिवार-रविवार काय काय पाहायचं याचा कागद तयार केला, गाडीची तिकिटं काढली, स्वारगेटजवळ लॉज ठरवलं, आणि शुक्रवारी आम्ही निघालो.

शनिवारी सकाळी पल्लवी लॉजवर आली. केस कापलेले, खांद्याला पिशवी. आईच्या पाया पडली. सुमनबाईने तिला वरून खाली पाहिलं. "वाळून काटकी झाली. खाले देतात का नाही त्या विद्यापीठात?" म्हणजे सगळं ठीक होतं. मला हायसं वाटलं.

आम्ही आधी शनिवारवाड्याला गेलो. तिकिटाच्या खिडकीवर सुमनबाईने विचारलं, "अन् अंदर काय काय हाय जी?" मागे उभ्या असलेल्या दोन मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. पल्लवीने पटकन पुढे होऊन शुद्ध पुणेरीत तिकिटं मागितली. सुमनबाई तिच्याकडे बघत राहिली. "अवो माय, पुनेरी झाली माही पोरगी," ती म्हणाली. पल्लवी हसली, पण कानापर्यंत लाल झाली.

त्या मोठ्या दरवाजाच्या लोखंडी खिळ्यांवर सुमनबाईने तळवा ठेवून पाहिला.

"हे कशाले?"

"शत्रूचे हत्ती येऊन धडका मारतील म्हणून," पल्लवी म्हणाली.

"अन् आपले हत्ती?"

"त्यांना दार उघडायचे."

"आपला कोन अन् दुसऱ्याचा कोन, हे हत्तीले काय समजते?" असं म्हणून ती आत गेली. आत जोती, कारंजी आणि हिरवळ. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घर कुठी हाय? नुसता दरवाजा राखला वो यायनं."

लाल महालात मात्र ती हसली नाही. सिंदखेड राजा तिच्या गावापासून जवळ. महाराजांच्या आई तिथल्या, हे तिकडे शाळेत न गेलेल्यांनाही ठाऊक असतं. ती पदर सावरून, चपला बाहेर काढून आत गेली. बराच वेळ उभी राहिली. "आमच्या सिंदखेडची लेक," ती मला म्हणाली, "इतक्या लांब आली. अन् माहेराशी वाकडं आलं म्हन्तात मंग. नवऱ्याकडचे एकीकडं, बाप-भाऊ एकीकडं. कसे दिवस काढले असन बाईनं?" पल्लवी त्या वेळी दाराबाहेर फोनवर होती. पण फोन कानाला लावून ती काही बोलत नव्हती.

दिवसभर पल्लवीने आईला हौसेने खाऊ घातलं. मिसळ, बटाटेवडा, मस्तानी. सुमनबाईने मस्तानीला नाव ठेवलं, "दुधात बर्फ टाकून काय खाते मानूस", आणि ग्लास तळापर्यंत संपवला. मी विचारलं, "पल्लवी, तुझी खोली कधी दाखवतेस?" ती म्हणाली, "आजी, तिथे पाहुणे चालत नाहीत." माझ्या कागदावर खोली नव्हतीच, म्हणून मी पुढच्या ठिकाणाचं नाव वाचलं. तुळशीबागेत सुमनबाई थोडा वेळ आमच्यातून मागे राहिली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी पिशवीत टाकून आली. मला वाटलं, सुनेसाठी बांगड्या असतील.

रविवारी सकाळी विद्यापीठ. तुमची आईही तिथे शिकली आहे, तेव्हा ती झाडं तुम्हाला फोटोत माहीत आहेत. मी जुन्या मुख्य इमारतीचा इतिहास सांगत होते, मनोरा दाखवत होते. सुमनबाई पारंब्यांखालून चालताना म्हणाली, "सावली लय केली हो यायनं. वावर असतं तं काहीच पिकलं नसतं." पल्लवीचा विभाग सुट्टीमुळे बंद होता. खिडकीच्या काचेला कपाळ लावून सुमनबाईने आत पाहिलं. लांब टेबलं, काचेची भांडी.

"दिवसभर उभी ऱ्हायते का तू इथं?"

"बहुतेक."

"डब्बा?"

"मीच करते."

"येकटीचा?"

"हो."

सुमनबाईने काचेवर उमटलेला स्वतःच्या श्वासाचा डाग पदराने पुसला.  मला ते लाईटबिल आठवलं: विचारायचं एक, हवं असायचं दुसरंच.

परतीला तिला मंडई पाहायची होती. भाजी पिकवणारी बाई. माझ्या कागदातलं हेच एक ठिकाण तिने स्वतःहून मागितलं होतं. ती एकेका गाळ्यापुढे थांबून मालाला नावं ठेवत होती. पल्लवी आमच्यापासून थोडी पुढे गेली होती. मी बघितलं तर ती एका टोपलीसमोर वाकून कारली निवडत होती. बारीक, काटेरी, कोवळी, देठ मोडून बघून. सवयीच्या हाताने.

सुमनबाईनेही बघितलं. पल्लवीने जन्मात कारलं खाल्लं नव्हतं. आमच्याकडे राहायची तेव्हा कारल्याच्या दिवशी ती दूध-पोळी खायची.

सुमनबाई जवळ गेली. "कोनाले, पल्लू?"

पल्लवीचा हात थांबला. "मैत्रिणीसाठी."

"हो का, बेटा?" सुमनबाई म्हणाली. आवाज मधासारखा गोड. "सरक. तुले समजत नाही त्यातलं." तिने ती कारली परत टोपलीत टाकली, खाली हात घालून दुसरी निवडली, आणि पल्लवीच्या पिशवीत घातली. मग शेजारच्या गाळ्यावरून एक नारळ घेतला, कानाशी धरून हलवला, स्वतःच्या पिशवीत टाकला. "चाल बेटा," ती म्हणाली. "आता तुहं घर पाहू."

बेटा. ती पल्लवीला कधी बेटा म्हणत नसे. रिक्षात पल्लवीने फोनवर काहीतरी टाईप केलं आणि फोन मुठीत धरून बसली. मला अश्विनीचा फ्लेक्स दिसत होता, आणि त्यावरचं नाव बदलत होतं.

धनकवडीच्या एका इमारतीचा तिसरा मजला. लिफ्ट बंद. दार एका तरुणाने उघडलं. चष्मा, साधा शर्ट, घाबरलेला चेहरा. तो निखिल. त्याच विभागात, पल्लवीच्या एक वर्ष पुढे, सोलापूरकडचा. जात वेगळी. भिंतीवर रजिस्टर लग्नाचा फोटो होता, दोघांच्या गळ्यात हार. तो उतरवायलाही त्यांना वेळ मिळाला नव्हता.

निखिल वाकून पाया पडला. सुमनबाईने पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. "बसा बसा," ती गोड आवाजात म्हणाली. खुर्चीच्या कडेवर बसली. तिच्या मानेवरून घामाचे ओघळ येत होते. जिने चढून आम्ही दोघी दमलो होतो. निखिलने ट्रेमधून पाण्याचे दोन ग्लास आणले. मी माझा घेतला आणि प्यायले. सुमनबाईने ग्लासला हात लावला नाही. "नको," म्हणाली. मग पल्लवीने चहा आणला. "नको." बिस्किटं आणली. "नको, बेटा."

पल्लवी ट्रे हातात धरून उभी राहिली. मग तिच्या तोंडून तिची खरी भाषा बाहेर पडली, मागच्या खोलीत राहायची तेव्हाची.

"आई, त्याच्या हातचं पानी बी चालत नाही तुले? एवढा इटाळ झाला का मले? मंग आली कायले? तेराव्याचा फोटो नेयाले आली काय?"

निखिल भिंतीला टेकला. मी उठून पल्लवीजवळ जाणार होते. सुमनबाईने हात वर करून मला थांबवलं.

"मूर्ख हाय का तू?" ती ओरडली. "काल दिवसभर तुह्या पैशाचं खाल्लं का नाही मी? मिसळ खाल्ली, ते बर्फाचं दूध पेली. काल तू माही पोरगी व्हती. आज कोनाच्या घरात बसून राह्यली मी? लेकीच्या सासरी मायबाप पानी पेत असतात काय? येवढं शिकली अन् येवढं समजत नाही तुले? लेकरू होऊ दे तुले, मंग पेईन. तंवर नाही पेनार. तुही सासू इथं असती तं तिनं बी आग्रह नसता केला."

 निखिलला ही रीत माहीत नसावी. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला हळू आवाजात सांगितलं, मुलीचं लग्न झालं की आमच्याकडचे जुने लोक नातवंड होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. पाणी नको म्हणणं म्हणजे हे लेकीचं सासर आहे, असं मान्य करणं. तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सुमनबाई उठली. पिशवीतून तुळशीबागेतला कागद काढला. त्यात खण होता. म्हणजे तिला शनिवारीच कळलं होतं. कदाचित बुलढाण्याहून निघतानाच. "तांदूळ दे," ती म्हणाली, आणि लगेच, "नको, तुह्या घरचे नको." मग मला म्हणाली, "मॅडम, खाली दुकान हाय." निखिल धावत जाऊन तांदूळ घेऊन आला, पैसे तिने दिले, पण त्याच्या हातून घ्यायला हरकत घेतली नाही. तिने पल्लवीची ओटी भरली. नारळ ठेवताना "काटकी झाली," एवढंच ती म्हणाली. दाराशी निखिलकडे वळून म्हणाली, "कारली तुमाले आवडतात का? तिले बनवता येत नाहीत. गूळ जास्त टाकत असन."

खालच्या मजल्याच्या वळणावर ती जिन्यात बसली. माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली मागून घेतली आणि एका दमात पिऊन टाकली. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं.

सोमवारी परतताना ती खिडकीशी बसली होती. अहिल्यानगर गेलं. मग म्हणाली, "मॅडम, आता मले खोटं बोलता येनार नाही. जालन्याचे पाहुने येतीन. मी काय सांगू त्यायले? लेक कुमारी हाय म्हनू?"

मी तिला समजावलं. थोडं थांबा, मी पल्लवीच्या बाबांशी बोलते, एखाद्या वकिलाला विचारू, सगळं एकदम नको. माझ्याकडे नेहमीच पुढच्या कामांचा कागद असतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी घाबरून राह्यली, मॅडम," ती म्हणाली. "लय घाबरून राह्यली. पन आता पानी नाही पेली ना मी."

देऊळगाव राजाला ती उतरली. तिथून तिला साखरखेर्ड्याची गाडी होती.

तिने त्याच संध्याकाळी घरी सांगितलं. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. थोड्या दिवसांनी पल्लवीचा फोन आला. कोणीतरी तिला गावातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. तिचाच कॉलेजचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. ती रडत नव्हती. "आजी," ती म्हणाली, "आई फोन उचलत नाहीये. तुम्ही जाता का?"

मी गेले. तेराव्याचाच दिवस होता. अंगणात मांडव होता, मागे पंगत बसली होती, कढईचा वास रस्त्यापर्यंत येत होता. पुऱ्या लाटायला दुसऱ्या बायका होत्या. सुमनबाई ओट्यावर बसली होती, दारासमोर, जिथून प्रत्येकाला आत जावं लागे तिथे. अंगावर हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, कपाळभर कुंकू. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून ती एकच सांगत होती.

"या जी. लेक सासरी हाय माही. पुन्याले. चांगली हाय. जेवून जा."

काही जण ओशाळून परत फिरले. बरेचसे खाली मान घालून आत गेले आणि जेवले. मोठे दीर दोनदा दाराशी आले. "सुमन, आत हो," म्हणाले. दुसऱ्यांदा आवाज चढला होता. ती हलली नाही. मला तिने ओळख दिली, पण माझ्याशी बोलली नाही. तिला वेळ नव्हता.

मग तिचे यजमान, किसनराव, मागच्या अंगणातून आले. दहाव्याला भादरलेलं डोकं, त्यावर नुकते उगवलेले पांढरे खुंट. त्यांनी भावाचं ऐकलं होतं. ते कोणाकडे न बघता ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उन्हात बसले. सुमनबाई त्यांच्या त्या डोक्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल आणि मग इथे काय होईल ते सांगता येत नाही. 

"टोपी घाला," ती म्हणाली. "ऊन लय हाय."

ते हलले नाहीत. ती उठली, आत गेली, खुंटीवरची टोपी आणली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर बसवली. मग आपल्या जागी येऊन बसली. फाटकातून आणखी दोघं येत होते.

"या जी," ती हात जोडून म्हणाली. "लेक सासरी हाय माही."

किसनराव टोपीखाली मान घालून बसले होते. ते उठून आत गेले नाहीत.

त्यानंतर सुमनबाईला मी पाहिलेलं नाही; घरचे आता तिला बाजाराला येऊ देत नाहीत, असं कंडक्टर सांगतो.